जे. पी. नाईक आणि सीमाभागातील शाळा

मराठी शाळा मागितली, की ती मागणी कन्नडविरोधी असल्याचा आरोप सीमाभागात हमखास होतो. या आरोपाला शिक्षणतज्ज्ञ व प्रशासक जे. पी. नाईक यांची कारकीर्द हे चोख उत्तर आहे.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली जन्मलेले नाईक धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात राहून त्यांनी शिक्षण व आरोग्याचे काम केले. पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. एक गाव कन्नड, दुसरे मराठी. पण कामाची तळमळ तीच.

१९६४ ते १९६६ या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च, परिसरातील सर्व मुलांसाठी एकच शाळा आणि कामाला जुंपलेल्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षण, अशा शिफारशी या आयोगाने केल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने आपली रीत बदलावी, हे त्यामागील सूत्र होय. मग घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पहिलीतच परक्या भाषेचे पुस्तक देणे या सूत्रात कसे बसते?

कायदाही हेच सांगतो. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असल्यास प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९४९ मध्येच ठरविले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० क हे कलमही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर अशी सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते.

मात्र दहाचा आकडा सरकार भरून देणार नाही. मोर्चात मराठी शाळेची घोषणा द्यायची आणि आपले मूल इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायचे, हे चालू राहिले तर पट घटेल व शाळा बंद करायला सबबही मिळेल. गावोगावच्या पालकांनी पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी करावी, ती अर्जासह गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी आणि एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी. कन्नड मुलाला कन्नड शाळा आणि मराठी मुलाला मराठी शाळा, यात वैर कसले? नाईकांनी दोन्ही मुलखांत राबून तेच दाखवून दिले.