वस्तीत येणारी गाडी पोलिसांचीच का?
ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारने टेली-मानस सुरू केलं. 14416 वर समुपदेशक बोलतो. चांगलंच आहे. पण दारू एकदम सुटल्याने भास होऊन बापच विळा घेऊन धावतोय, त्याला फोनवरून कोण धरणार? मग 112 फिरवायचा, आणि येते ती पोलिसांची गाडी.

संशोधन करताना एक उपाय मी सारखा ऐकते: पोलिसांना संवेदनशीलतेचं प्रशिक्षण द्या. पारधी वस्तीत जाऊन हे बोलून दाखवा! 1871 च्या कायद्याने ज्यांच्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना 1952 मध्ये कागदावर विमुक्त केलं. खाकीच्या नजरेतून नाही. तिथे भ्रमात असलेला माणूस आधी संशयित, मग जमलं तर पेशंट.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, अशा माणसाला कोठडीत ठेवू नका, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्या. पण न्यायची जबाबदारी टाकली कुणावर? पोलीस ठाण्यावरच.

अमेरिकेतल्या युजीन शहरात 1989 पासून पस्तीसेक वर्षं एक आरोग्यसेवक आणि एक समुपदेशक विनाशस्त्र गाडीतून जात होते. म्हणजे हे जमतं. आम्हाला 108 सारखीच गाडी हवी, खाकीविना. तिच्यात नर्स हवी आणि वस्तीतलीच एक बाई, आशाताईंसारखी मानधनावर राबवलेली नव्हे, पूर्ण पगारावर.