युद्ध नको म्हणायलाही दाखला लागतो का?

मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस आठवा. महाड-पोलादपूरकडच्या आपल्या पोरांचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस मी बघत होतो. काहींनी इतरांपेक्षा चढ्या आवाजात बदल्याची भाषा केली, बाकीचे गप्प बसले. 'आता हे थांबावं' असं वाटणारेही होते, पण नाव बघून लोक काय अर्थ काढतील, ही धास्ती.

मला तेव्हा 'हेअर' आठवला. मिलोश फोरमनचा १९७९ चा अमेरिकन संगीतपट, १९६७ च्या नाटकावर बेतलेला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात भटकणारी लांब केसांची हिप्पी पोरं, आणि व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलेला ओक्लाहोमाचा क्लॉड. (नशा आहे, नग्नता आहे, घरच्यांसोबत बघायला बसू नका.) नाचगाण्यांत रमवून हा सिनेमा शेवटी पोटात गोळा आणतो. क्लॉडला छावणीतून थोडा वेळ बाहेर पडता यावं म्हणून त्याचा मित्र बर्जर केस कापतो, गणवेश चढवतो आणि त्याच्या जागी थांबतो. नेमका तेव्हाच तुकडीला निघायचा हुकूम सुटतो. बर्जर विमानात चढतो. त्यानंतर दिसते ती त्याची कबर. आत कोण गेलं हे कुणी बघत नाही, आकडा भरला की झालं. आम्ही आयटीवाले माणसाला सर्रास 'रिसोर्स' म्हणतो; तो शब्द त्यानंतर मला खटकायला लागला.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही, हे खरं. पण महाड तालुक्यातल्या आंबवड्याला 'फौजी आंबवडे' म्हणतात ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धापासून तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सैन्यात जात आली. सीमेवर तणाव वाढला की तिथल्या घरांत फोनची वाट बघितली जाते. स्टेटस टाकणाऱ्याचं काय जातं?

आणि आपली घरं? बाप, भाऊ, चाचा आखातात. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि तिथून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावं लागलं. युद्ध आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं ते असं.

पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. मारेकऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण तोफा थांबाव्यात असं म्हणणं म्हणजे शत्रूची बाजू घेणं, हे मला मान्य नाही. मुहम्मद अलीने १९६७ मध्ये भरतीला नकार दिला तो लपूनछपून नाही, भरती केंद्रात हजर राहून. विजेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, ऐन उमेदीतली तीनेक वर्षं रिंगबाहेर गेली. तो देश सोडून पळाला नाही, कोर्टात लढला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. काळा आणि मुसलमान, दोन्ही असून त्याने देशभक्तीचा दाखला कुणाकडे मागितला नाही.

आपण निदान एवढं करू. एखाद्या रविवारी महाडमध्ये आंबवड्याचे निवृत्त फौजी आणि कुवेतहून परतलेले आपले चाचा यांना एकत्र बोलवू. भाषण नको, चहा आणि प्रश्न. बायकांनाही बोलवायचं, कारण फोनची वाट त्यांनीच बघितली आहे.