कागदावर सैल, जात्यावर घट्ट: ओवीचे माप

छंद शाळेत शिकवला जातो तो ‘यमाताराजभानसलगं’च्या सूत्राने. लघु-गुरूंच्या खुणा करायच्या, तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, भुजंगप्रयात ओळखायचे. या मोजपट्टीत ओवी बसत नाही, म्हणून तिला ‘शिथिल रचना’ ठरवून पुढे जाण्याची रीत पडली आहे. हा शेरा अन्यायाचा आहे आणि इतिहासालाही धरून नाही.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११२९च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ओवी ग्रंथात स्थिरावण्याच्या दीडशे वर्षे आधी ती मुसळाच्या ठोक्यावर रुळलेली होती.

शिरूर तालुक्यातील सविंदणे आणि दौंड तालुक्यातील दापोडी या गावांच्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या संग्रहात आहेत. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा! छापील पानावर त्यांतली एक ओळ आखूड, तर दुसरी लांब दिसते. गाताना मात्र आखूड ओळीत ‘गं’, ‘बाई’ येऊन मिळतात, स्वर लांबतो आणि ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर पुरी होते. इथे माप अक्षरांचे नाही, खुंटा धरलेल्या हाताचे आहे. लेखनात गळतात ती नेमकी हीच भरीची अक्षरे. मग सैलपणाचा दोष गाणारीच्या माथी का?

माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाती आणि छंद हे भेद स्पष्ट करून ओवी-अभंगांना शास्त्रात हक्काची जागा दिली, हे त्यांचे मोठे काम. पाठ्यपुस्तकांनी त्यातले गणांचे कोष्टक तेवढे उचलले.

वास्तविक दौंडच्या विद्यार्थ्याला छंद दारात भेटतो. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून जाते, तेव्हा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग टाळांसह चालत असतो. तीच वाट पुढे बारामतीला पोहोचते; तेथे मोरोपंतांनी मात्रांत मोजलेली आर्या घडवली. दोन्ही मापे खरी, पण एक पावलांचे, दुसरे लेखणीचे.

पिठाच्या गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, त्याबद्दल खंत नको. पण जाते थांबले तशी ओवीची लय केवळ ध्वनिमुद्रणांत उरली. ‘पारी’च्या संकेतस्थळावर ती मोफत ऐकता येतात. छंदाचा पहिला तास तिथून सुरू व्हावा. गणांचे कोष्टक दुसऱ्या तासाला.