बरणी नको, वाटी पुरे



गेल्या पंधरवड्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एका ठरावाला मी एकटीने विरोध केला. ठराव असा होता की, मंदिराच्या जीर्णोद्धार निधीसाठी चिया घातलेल्या स्ट्रॉबेरी जॅमच्या 100 बाटल्या करून विकायच्या. लेबलवर लिहायचं, ‘शुद्ध जैन, कमी साखर, महिनाभर टिकेल’. मंडळाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे खर्चाचा कागद सहीसाठी माझ्यापुढे आला. मी सही केली नाही.

लगेच कुजबुज सुरू झाली. “काकूंना नवीन काही नकोच असतं.” एकीने तर तोंडावर सांगितलं, “तुमच्या काळात चिया नव्हता, म्हणून तुम्हाला तो पटत नाही.” तिथे मी गप्प बसले, कारण बैठक मंदिराच्या सभागृहात होती आणि आवाज चढवायचा नव्हता. इथे मात्र सगळं सविस्तर सांगते.

चियाचा जॅम मी गेले दोन हिवाळे घरी करते आहे. यांना साखर जपून खायला सांगितली आहे आणि नातवाला चपातीवर लाल काहीतरी लागतं, म्हणून सुरू केला. तेव्हा माझं भांडण चियाशी नाही. माझं भांडण बाटलीशी आहे आणि त्या लेबलावरच्या तिसऱ्या शब्दसमूहाशी आहे.

आधी साखरेचा हिशेब मांडू. जॅममध्ये साखर तीन कामं करते. एक, गोडी आणते. दोन, फळातलं पेक्टिन आणि आंबटपणा यांच्या मदतीने रस घट्ट बसवते. तीन, फळातलं पाणी स्वतःकडे ओढून धरते, त्यामुळे बुरशीला वाढायला पाणी मिळत नाही आणि जॅम टिकतो. आपल्या आज्ज्या साखरआंब्याचा पाक बोटांत धरून तार बघायच्या, ती या तिसऱ्या कामासाठी. पाक कच्चा राहिला तर बरणी पावसाळा काढणार नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता चिया काय करतो? ते बी आपल्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषतं आणि भोवती बुळबुळीत थर धरतं. म्हणजे घट्ट बसवण्याचं काम त्याने उचललं. गोडीचं काम थोड्या साखरेवर आणि फळावर भागलं. पण टिकवण्याचं काम? ते कुणीच उचललेलं नाही. चियाने पाणी धरलं, पण साखरेसारखं नाही. बुरशीला ते पाणी सहज मिळतं. तीन कामांचा नोकर काढून एका कामाचा नोकर ठेवला, आणि पगारपत्रकात मात्र तिन्ही कामं झाल्याचं लिहिलं! मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, पण असा ताळेबंद तेव्हाही पास झाला नसता.

विकतच्या बाटलीची बाजू मी घेत नाही, हेही सांगते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान 65 टक्के असावे लागतात, आणि ती जवळजवळ सगळी साखरच असते. फळ किमान 45 टक्के हवं. पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला त्यातही सूट आहे, तिथे 25 टक्के फळ पुरतं. म्हणजे स्ट्रॉबेरी जॅम म्हणून आपण नातवंडांना जे देतो, त्यात पाव हिस्सा स्ट्रॉबेरी असली तरी कायद्याने ते जॅम आहे. आणि आमच्या मंडळाच्या बाटलीत जेमतेम 14 टक्के साखर असती, तर त्या मानकात ती ‘जॅम’ म्हणून बसलीच नसती. मंदिराच्या नावाने काही विकायचं तर लेबलवरचा शब्द न् शब्द खरा हवा. सत्य हे व्रत फक्त बोलण्याचं नसतं, लिहून चिकटवण्याचंही असतं.

‘हिरवा ठिपका आहे ना, मग झालं’ हे वाक्यही त्या दिवशी दोनदा ऐकलं. अगं बायांनो, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, जैन नव्हे. त्या नियमात दुधाप्रमाणेच मधालाही मांसाहारी धरलेलं नाही. मधाचा त्याग हा आपल्या मूलगुणांतला, आणि मध घातलेल्या बाटलीवरही हिरवा ठिपका असू शकतो. चिया जॅमच्या कितीतरी कृतींत ‘साखरेऐवजी मध’ असं सर्रास सांगतात. काहीजणी खजूर घालून ‘बिनसाखरेचा’ म्हणतात. खजुरात साखर नाही तर काय आहे? घाला खजूर, पण नाव तरी खरं ठेवा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या हिवाळ्यात हुरूप जास्त होता. दोन किलो स्ट्रॉबेरी आणली, चार बाटल्या भरल्या, फ्रिजमध्ये ओळीने लावल्या आणि सुनेला ऐटीत म्हटलं, “घे, महिन्याची सोय झाली.” बाराव्या दिवशी नातवाच्या डब्यासाठी तिने तिसरी बाटली उघडली. “आई, हे बघा बरं,” म्हणाली. वर पांढुरका मखमली थर होता. चौथ्या बाटलीतही तेच. वरचा थर काढून खालचं वापरावं असं क्षणभर मनात आलं, खोटं बोलत नाही. मग खुर्चीवर बसून राहिले. बुरशी म्हणजे अनंतकाय, हे मी पाठशाळेत मुलांना शिकवते. ते अनंत जीव माझ्या घरात कुणी जन्माला घातले? माझ्या ‘महिन्याच्या सोयी’ने. टाकावं तरी हिंसा, खावं तरी हिंसा. त्या दिवशी उपवास केला, पण उपवासाने बाटली परत स्वच्छ होत नाही.

सासूबाईंचा नियम तेव्हा आठवला. त्या पिठालासुद्धा मर्यादा पाळायच्या : पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7. लोणचं-मुरंबा आज केला तर उद्या त्याच वेळेपर्यंत, पुढे नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला तो जाच वाटायचा. रोज कोण मुरंबा शिजवत बसणार? पण चियाचा जॅम दहा मिनिटांत होतो. म्हणजे जी मर्यादा वेळेअभावी अशक्य वाटायची, ती आता कुणीही पाळू शकते. या जॅमचा खरा गुण तो लवकर होतो हा आहे, आणि आम्ही त्याला जबरदस्तीने टिकाऊ करायला निघालो! फ्रिजने बिघाड लांबतो, मर्यादा लांबत नाही.

माझं प्रमाण देते, चौघांच्या एका दिवसाच्या दोन खाण्यांसाठी. स्ट्रॉबेरी 250 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम, चिया 20 ग्रॅम, लिंबाचा रस एक लहान चमचा. चिया आधी पांढऱ्या ताटलीत पसरून नीट शोधून घ्यायचा. स्ट्रॉबेरी गाळलेल्या पाण्याने धुऊन, देठ काढून, प्रत्येकीच्या चार फोडी करून उजेडात बघायची. देठाखालचा पोकळ भाग विशेष. मिठाच्या पाण्यात बुडवून ‘किडे बाहेर काढा’ असं सांगतात, ते मी करत नाही. किडा बाहेर येतो तो मरायला. शंकेची फोड बाजूला काढून झाडाखाली सावलीत ठेवायची.

फोडी आणि साखर मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजवून डावाने ठेचायच्या. गॅस बंद करून गरम रसातच चिया आणि लिंबू घालून ढवळायचं, पाच मिनिटांनी पुन्हा एकदा, नाहीतर गुठळ्या होतात. अर्ध्या तासात चमच्यावर बसेल इतका दाट होतो. चिया रात्रभर कच्चा भिजवून ठेवण्याची पद्धत मी पाळत नाही, आणि कोरडा चमचा तोंडात टाकणं तर कुणीच करू नये, घशात फुगतो. सकाळी केला की सूर्यास्तापूर्वी वाटी रिकामी.

साधारण 260 ग्रॅम जॅम होतो. फळातली धरून साखर सुमारे 37 ग्रॅम. म्हणजे 20 ग्रॅमच्या चमच्यात 3 ग्रॅमच्या आसपास, विकतच्यात 13. पण म्हणून चार चमचे खाल्ले तर बचत कुठे राहिली? ‘हेल्दी आहे, कितीही खा’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते.

ज्यांचा स्ट्रॉबेरीचा त्याग आहे त्यांनी तो जॅमसाठी मोडू नये. जांभळं येतात तेव्हा बी काढून, फोड उघडून बघून याच प्रमाणात करा. जांभळाला लिंबू लागत नाही. चिया परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगते, मिरची, शेंगदाणा आणि पेरूही त्याच अमेरिका खंडातून आले. वस्तू कुठून आली यापेक्षा आपल्या ओट्यावर तिचं काय होतं ते बघावं.

आता मंडळाच्या निधीचं. नुसता विरोध करून मी उठले नाही, पर्यायही लिहून दिला आहे. बाटल्या नकोत. निवडून-शोधून घेतलेल्या 20 ग्रॅम चियाची कोरडी पुडी करू, सोबत कृतीची चिठ्ठी. फळ आणि साखर ज्याची त्याने ताजी घ्यावी. बाटलीचा खर्च नाही, फुटतूट नाही, बुरशी नाही. नफा बाटलीपेक्षा कमी दिसतो, कारण पुडीला बाटलीची किंमत येत नाही. तेवढी तूट मी कागदावर लपवलेली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. बहुमत बाटल्यांच्या बाजूने झालं तर मी खजिनदारपद सोडीन, मंडळ सोडणार नाही. त्या दिवशी सगळ्यांसाठी वाटीभर ताजा जॅम आणि चपात्या घेऊन जाणार आहे. खाऊन मग मत द्या म्हणेन.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. जय जिनेंद्र.