रोगट केळ कोणी उपटावी?

पीक रोगट दिसले की फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु केळीवरील ‘हरण्या’ रोगापुढे पंपाचे फारसे चालत नाही. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात या रोगापायी शेतकऱ्यांना नव्या लागवडीची झाडे उपटून फेकावी लागली. असे का व्हावे?

हा रोग ‘कुकुंबर मोझॅक’ नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याच्या कणाचा व्यास सुमारे २९ नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरात असे ३४ हजार कण ओळीने मावतील. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या दहापटीहून अधिक असल्याने शाळेतील सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. दिसतात ते त्याचे परिणाम : पानांवर पिवळे पट्टे, सडणारा पोंगा आणि खुंटलेली वाढ. झाडाच्या पेशीत शिरलेल्या या विषाणूला मारील असे औषध शेतकऱ्याजवळ नाही.

प्रसार करतो तो मावा. रोगट पानात सोंड खुपसताच थोड्याच वेळात विषाणू तिला चिकटतो आणि पुढच्या निरोगी झाडात उतरतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत पुष्कळदा हे काम उरकलेले असते. काकडी, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे तण यांतही विषाणू आसरा घेतो. म्हणून तपासलेली रोपे लावणे, तण काढणे आणि रोगट झाड दिसताच समूळ उपटून नष्ट करणे, हेच खरे उपाय.

अडचण येथेच आहे. झाड उपटणाऱ्याचे नुकसान आज होते, लाभ मात्र शेजाऱ्यालाही मिळतो. कोकणातील कोळंबी-तळ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. तेथील पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूवरही औषध नाही. एकाने रोगट तळ्याचे पाणी खाडीत सोडले, की दुसरा तेच आपल्या तळ्यात घेतो.

माझे मत असे, की वेळीच उपटलेल्या प्रत्येक झाडाची भरपाई तत्काळ मिळावी. सारी बाग गेल्यावर पंचनामा करून रोग थांबत नाही. रावेर असो वा धुळ्याकडचे शिरपूर, केळीच्या गावांतील शाळांनी लागवडीनंतरचे पहिले काही महिने दर आठवड्यास बागांची पाहणी करावी. पिवळा पट्टा ओळखण्यास भिंग लागत नाही. तो दाखवून देण्यास थोडे धैर्य मात्र लागेल. कारण ती बाग कदाचित तुमच्याच काकांची असेल.