ताशी ४१७ किलोमीटर, पण कोणाच्या रस्त्यावर?



जुलै २०२१ मधील एका पहाटे जर्मनीतील बर्लिन-हॅनोव्हर महामार्गावर एका धनिक चेक गृहस्थाने आपली 'बुगाटी शिरॉन' ही मोटार ताशी ४१७ किलोमीटर वेगाने पळवली. जानेवारी २०२२ मध्ये त्या धावेची चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि एकच गदारोळ उठला. जर्मन वाहतूक मंत्रालयाने नापसंती दर्शवली. श्टेंडाल येथील सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा निर्णय आला. गुन्हा घडलेला नाही, खटला भरण्याचे कारण नाही.

हा निर्णय ऐकून तुमच्यापैकी काहींनी टाळ्या पिटल्या असत्या, काहींनी कपाळाला हात लावला असता. मला विचाराल तर कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अपुरा होता. असे का म्हणतो ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण मध्ये थोडे गणित लागेल.

प्रथम गाडीविषयी. ती मला आवडते, हे आधीच कबूल करून टाकतो. फ्रान्समधील मोल्सहाइम या गावी एत्तोरे बुगाटी यांनी १९०९ साली मोटारींचा कारखाना काढला. त्याच गावी शिरॉन तयार होत असे. २०१६ साली ती लोकांपुढे आली तेव्हा तिची किंमत कर सोडून २४ लाख युरो होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. फक्त ५०० गाड्या बनवायच्या असे ठरले होते. इंजिनाला १६ सिलिंडर, आकारमान ८ लिटर, जोडीला चार टर्बोचार्जर आणि एकूण शक्ती १५०० अश्वशक्ती!

एवढी शक्ती लागते कशाला? मुख्यतः हवा बाजूला सारायला. समोरून वारा असताना सायकल मारली की पायांना जे कळते तेच हे. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून ती आठपट लागते. आता ताशी १०० वरून ४०० वर जाऊ. वेग चौपट, अवरोध सोळापट आणि शक्ती चौसष्टपट. या आकाराच्या गाडीला ताशी १०० किलोमीटर वेगाने हवेतून जायला साधारण १३ अश्वशक्ती पुरते. तिला ६४ ने गुणा. उत्तर येते ८३२. त्यात टायरांचे घर्षण आणि दातेरी चाकांतील गळती मिळवा, वेग वाढवता यावा म्हणून थोडी शिल्लक ठेवा, म्हणजे १५०० चा आकडा चैनीचा वाटेनासा होईल.

पेट्रोलमधील ऊर्जेचा बराच मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही, तो उष्णता होऊन जातो. ती बाहेर टाकण्यासाठी गाडीत दहा रेडिएटर आहेत आणि मिनिटाला ८०० लिटर पाणी फिरवणारा पंप आहे. टायरांची कथा याहून विलक्षण आहे. ताशी ४१७ किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ५२ फेरे घेते. त्या वेळी टायरच्या बाह्य कडेवरचा एक ग्रॅम रबर बाहेर फेकला जाण्यासाठी असा ओढ घेतो, की जणू त्याचे वजन पावणेचार किलो झाले आहे. किमतीतला मोठा हिस्सा अशा गोष्टींचा आहे. कातड्याची आसने आणि मिरवण्याची हौस यांचेही पैसे त्यात आहेत, नाही असे नाही.

पण या गाडीतली सर्वांत बोलकी वस्तू मला वाटते ती तिची दुसरी किल्ली. नेहमीच्या किल्लीने गाडी ताशी ३८० पर्यंतच जाते. पुढे ४२० पर्यंत जायचे तर वेगळी किल्ली लावावी लागते. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच मालकाला तेथे क्षणभर थांबवून विचारले आहे, 'नक्की ना?' २०१९ साली अँडी वॉलेस या चालकाने शिरॉनचा एक खास नमुना ताशी ४९०.४८४ किलोमीटरने पळवला. तो एरा-लेसीन येथील खासगी चाचणी-मार्गावर, जेथे सुमारे नऊ किलोमीटरचा सरळ पट्टा आहे आणि दुसरे वाहन येण्याची शक्यता नाही. त्या धावेच्या स्मरणार्थ ज्या ३० गाड्या प्रत्येकी ३५ लाख युरोंना विकायला काढल्या, त्यांना मात्र कारखान्याने ४४० वर इलेक्ट्रॉनिक लगाम घातला. म्हणजे विक्रम करणाऱ्यांनीही विक्रमाचा वेग गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही.

आता कायदा पाहू. जर्मन महामार्गांवर जेथे पाटी नाही तेथे मोटारींना कमाल वेगाची मर्यादा नाही. १९७८ पासून ताशी १३० हा 'शिफारस केलेला' वेग आहे, पण तो ओलांडणे हा गुन्हा नाही. गंमत अशी की, जेथे ही गाडी जन्मली त्या फ्रान्समध्ये १३० ही सक्तीची मर्यादा आहे! जर्मन कायदा एवढेच सांगतो, की वाहन ताब्यात राहील आणि दिसणाऱ्या अंतरात थांबवता येईल इतक्याच वेगाने जावे व इतरांना धोका पोचवू नये. २०१७ साली एक कलम वाढवले गेले. बेपर्वाईने शक्य तितका जास्तीत जास्त वेग गाठू पाहणारा एकटा चालकही 'बेकायदा शर्यत' करणारा ठरू शकतो. त्याच संशयावरून ही चौकशी झाली.

चालकाच्या बाजूने सांगण्यासारखे होते. दहा किलोमीटरचा सरळ रस्ता, तीन पट्टे, पहाटेची वेळ, स्वच्छ दृष्टी. शिवाय या गाडीचे ब्रेक असामान्य आहेत. २०१७ साली शर्यतपटू हुआन पाब्लो मोंतोया याने केलेल्या चाचणीत शिरॉन ३२.६ सेकंदांत ताशी ४०० वर पोचली आणि तेथून अवघ्या ९.३ सेकंदांत, ४९१ मीटरमध्ये, थांबली. ज्याला काही किलोमीटर पुढचे दिसते आणि जो अर्ध्या किलोमीटरच्या आसपास थांबू शकतो, त्याने दृष्टीचा नियम पाळला असेच म्हणावे लागेल. पण ही झाली त्याची दृष्टी. पुढच्या गाडीतल्या माणसाच्या दृष्टीचे काय?

कल्पना करा, तुम्ही त्या रस्त्यावर ताशी १३० ने चालला आहात. पुढे ताशी ८० ने जाणारा एक मालट्रक आहे. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ट्रकला मागे टाकायला तुम्हाला डावीकडच्या पट्ट्यात शिरायचे आहे. तुम्ही आरशात पाहता. मागे ५०० मीटरवर एक गाडी आहे. दोन मीटर रुंदीची ही गाडी तेवढ्या अंतरावरून किती मोठी दिसेल? हात लांब करून डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर पट्टी धरलीत तर तिच्यावर ती सुमारे अडीच मिलिमीटर भरेल, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठी. ती गाडी ताशी २०० ने येत असेल तर तिचा तुमच्या तुलनेतला वेग ७०, आणि तुम्हाला गाठायला तिला जवळजवळ २६ सेकंद लागतील. जर्मन चालकाची नजर अशा गाड्यांना सरावलेली असते. तो शांतपणे पट्टा बदलतो.

तीच गाडी ताशी ४१७ ने येत असेल तर? फरक २८७ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जवळपास ८० मीटर. तुमच्या हाती सव्वासहा सेकंद आहेत. आणि आरशातला दाणा? एका सेकंदानंतर तो अडीच मिलिमीटरचा तीन मिलिमीटरही होत नाही. तुम्ही आरशात ओझरते पाहिले, तर मोहरीचा हा दाणा आणि तो दाणा यांत तुम्हाला काहीच भेद कळणार नाही.

आता पुढे मोजा. आरशात पाहणे, दिवा लावणे, पट्टा बदलणे यांत दोन सेकंद गेले. ४१७ ची गाडी ५०० वरून ३४० मीटरवर आली. तिच्या चालकाने तुम्हाला पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद, म्हणजे आणखी ८० मीटर. मोंतोयाच्या चाचणीवरून ब्रेक दर सेकंदाला साधारण १२ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी करतात. तुमच्याइतक्या वेगावर यायला तिला साडेसहा सेकंद लागतील आणि त्या अवधीत ती तुमच्या आणखी २६५ मीटर जवळ येईल. दोन्ही मिळून ३४५ मीटर. शिल्लक होते ३४०! जगातले उत्तम ब्रेक, सावध चालक, कोरडा रस्ता आणि कसलीही चूक न केलेले तुम्ही, एवढे सगळे धरून हा हिशेब अपघाताच्या काठावर येऊन थांबतो. दोन टनांच्या त्या गाडीत ताशी ४१७ ला जी गतिज ऊर्जा असते, ती तिला सुमारे ६८० मीटर उंचीवरून खाली टाकण्याएवढी असते. आयफेल मनोऱ्याची उंची ३३० मीटर आहे.

कोणी म्हणेल, रस्ता तर जवळजवळ मोकळा होता आणि कोणाला खरचटलेही नाही. खरे आहे. पण त्याच चित्रफितीत शेजारच्या पट्ट्यांतील काही वाहने मागे पडताना दिसतात. त्यांतल्या कोणी नेमक्या त्या सहा सेकंदांत पट्टा बदलला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. एरा-लेसीनला वॉलेसने स्वतःचा जीव पणाला लावला, त्याला माझा सलाम आहे. महामार्गावर मात्र दुसऱ्याच्या आरशावर भिस्त ठेवावी लागते, आणि तो आरसा एवढ्या वेगासाठी बनलेला नाही.

म्हणून माझे मत असे, की सार्वजनिक रस्त्याला कमाल मर्यादा हवी आणि ती ठरवताना गाडीचे ब्रेक किती चांगले हे पाहण्यापेक्षा त्या रस्त्यावरच्या वाहनांच्या वेगांत किती तफावत चालेल हे पाहावे. आकडा १३० असावा की १५० यावर वाद घालता येईल. ४१७ हा आकडा मात्र त्या वादात बसतच नाही. श्टेंडालच्या वकिलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे जो कायदा होता त्यात चालकाने पुढे किती पाहिले हे विचारायला जागा होती, मागचे कोणाला कितीसे कळले हे विचारायला नव्हती.

जून २०२४ मध्ये बुगाटीने शिरॉनची वारस जगापुढे आणली. तिचे नाव टूर्बियाँ. शक्ती १८०० अश्वशक्ती, किंमत ३८ लाख युरोंपासून पुढे, संख्या २५० आणि कमाल वेग ताशी ४४५. त्यासाठी तिलाही दुसरी किल्ली लावावी लागते. बर्लिन-हॅनोव्हर रस्त्यासाठी वरचे गणित ४४५ घालून पुन्हा करून पाहा. ५०० मीटरवरून निघाल्यावर तुमच्या हाती किती सेकंद उरतात?