पट्टी कुठे ठेवावी?

२०१९ च्या दिवाळीत, साफसफाईच्या भरात, आम्ही एक अगोचरपणा केला. घरच्या विंडोज १० च्या पडद्यावर तळाशी असलेली पट्टी उचलून डाव्या कडेला नेली. कारण अगदी शास्त्रशुद्ध! पडदा १९२० ठिपके रुंद आणि १०८० उंच. रुंदी उदंड, टंचाई उंचीची. मग पट्टीने उंचीच का खावी? उबुंटूवाल्यांनीही २०११ साली आपली पट्टी डावीकडेच मांडली होती. (ती खाली नेण्याची सोय मात्र २०१६ साली दिली!)

संध्याकाळी नाना, म्हणजे आमचे वडील, पत्र टंकायला बसले. हात सवयीने खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. १९९५ च्या विंडोजपासून बटण तिथेच. आज तिथे ते नव्हते. ते बराच वेळ गप्प बसले, मग हळूच म्हणाले, "अरे, मला विसरायला होऊ लागलंय का रे?"

आमची शास्त्रशुद्धता तिथेच आटोपली. कारखान्यातून येते त्याच जागी बहुतेकांची पट्टी जन्मभर राहते. हाताला तेच घर वाटते. २०२१ साली विंडोज ११ ने बटण मधोमध आणले, तेव्हा किती घरांतल्या नानांनी हा प्रश्न स्वतःला विचारला असेल, कोण जाणे.

रात्री पट्टी पुन्हा खाली आणली. नानांसाठी जाडही केली; पण आतली चित्रे मेली तेवढीच राहिली. मग पूर्ववत करून तिला कुलूप घातले.

सकाळी नाना हसून म्हणाले, "आलं की रे लक्षात!"

आम्ही चहा ओतत राहिलो.